पापडपाणी

"खा," जेठीबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टीलची ताटली माझ्यापुढे सरकवली.

ताटलीत भाजलेला पापड होता. एकच. शेजारी माठातल्या पाण्याचा पेला. बाहेर जूनचं ऊन अजून तापत होतं. मी खामगावहून एस.टी.ने जळगावला आले होते, दोन ट्रंका आणि एक वळकटी ओढत त्यांच्या ओट्यापर्यंत पोचले होते आणि पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नव्हतं. मी पापडाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं. पापड आला म्हणजे मागून वरणभात येणार, निदान पोहे तरी येणार, अशी माझी समजूत. आमच्या वऱ्हाडात पापड एकटा हिंडत नाही.

आतून काहीच आलं नाही. जेठीबाई समोरच्या बाजेवर बसून माझ्याकडे पाहत होत्या. साठीची उंच बाई, अंगात पांढरा सलवार-झगा, डोक्यावर ओढणी. जळगावच्या जुन्या सिंधी कॉलनीतलं हे बैठं घर त्यांचं. अर्ध्यात त्या एकट्या राहायच्या, उरलेली एक खोली मी भाड्याने घेतली होती. ओटा दोघींचा एकच.

"नको, असू द्या," मी म्हटलं.

हे आमच्याकडचं पहिलं "नको". ते नुसतं म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा आग्रह झाला की जरा पुढे सरकायचं, तिसऱ्यांदा झाला की खायचं. विचारल्याबरोबर ताटलीवर हात टाकणारी मुलगी हावरट ठरते, हे आईने मला वरणभाताबरोबरच भरवलं होतं. मी पेला उचलून पाणी तेवढं गटागटा प्यायले आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत राहिले.

जेठीबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. थोडा वेळ त्या तशाच बसल्या, मग ताटली उचलून आत घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा हातात खोलीची किल्ली होती. नळाला पाणी सकाळी सहाला येतं, एवढंच त्यांनी सांगितलं.

खोलीत आल्यावर मी वळकटीवर बसले आणि एकटीच हसले. म्हातारीने पापडावर बोळवण केली, असं मनाशी म्हटलं. हसता हसता रडू आलं. त्या दिवसांत मला कशानेही रडू यायचं.

सत्तावीस वर्षांची होते मी. अमरावतीचं नवऱ्याचं घर सोडून आले होते. तिथेच त्यांचा दुसरा संसार होता आणि तो माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा होता, हे मला तीन वर्षांनी कळलं. माहेरी भावाने जागा दिली, पण भावजयीने एक एक भांडं माझ्या हातातून काढून घेतलं, तेव्हा काय समजायचं ते मी समजले. अर्ज केले. जळगावच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी लागली. ओल्या कागदात कपाशीचे शंभर दाणे मांडायचे आणि ठरलेल्या दिवशी त्यातले किती उगवले ते पाहायचं, हे माझं काम.

दुपारी तीनला प्रयोगशाळेत टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. त्यावर मुरमुरे, वरून शेव, कच्चा कांदा, तळलेल्या मिरच्या. सगळे खानदेशी एकाच कागदातून खायचे, शिपायापासून साहेबांपर्यंत. मला हे फार आवडलं होतं. पण चौथ्या की पाचव्या दिवशी मुठी भरता भरता कोणीतरी सहज विचारलं, "मिस्टर कुठं असतात तुमचे?" सगळ्यांचे हात एकदम थांबले. एका कागदातून खायचं तर एकमेकांची माहिती असावी लागते, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून घरून डबा नेऊ लागले आणि खिडकीपाशी बसून एकटीच खाऊ लागले.

संध्याकाळी घरी यावं तर ओट्यावर जेठीबाई बसलेल्या असायच्या. त्या मान हलवायच्या, मी मान हलवायची. मग मी माझ्या दारातून आत, त्या त्यांच्या. मधल्या भिंतीतून त्यांचा चिमटा चुलीवर वाजलेला ऐकू यायचा. पाठोपाठ भाजलेल्या पापडाचा आणि मिऱ्यांचा वास. रोज. आपल्याला बोलवावं असं मला रोज वाटायचं आणि बोलावलं नाही याचा रोज राग यायचा. एखाद्या घरात संध्याकाळी तासभर टेकायला जागा असावी, याहून मला काही नको होतं. ती जागा तीन पावलांवर होती आणि मला जाता येत नव्हतं.

दिवाळीला मी हट्टाने फराळ केला. एकटीसाठी कोण चिवडा करतं? पण केला. चिवडा, शंकरपाळे आणि फसलेले चार अनारसे. ताट भरून, वर विणलेला रुमाल टाकून जेठीबाईंच्या दारात गेले. त्यांनी ताट घेतलं, रुमाल वर करून पाहिलं आणि "अच्छा, बेटी" म्हणाल्या. बस म्हणाल्या नाहीत.

आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. भाऊबीजेच्या सकाळी ताट परत आलं तेव्हा त्यात चार पापड होते. कच्चे, जाड, काळ्या मिऱ्यांनी भरलेले. मी पाहतच राहिले. पहिल्या दिवशी एक दिला होता तो नाही खाल्लास ना, मग घे आता चार, असं त्यांना म्हणायचं आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. मी ते पापड एका डब्यात टाकले, डबा फळीवर सगळ्यात मागे सरकवला आणि नंतर मान हलवणंही कमी केलं. माझं डोकं तेव्हा असंच चालायचं. कोणी चांगलं वागलं तरी मी त्यात खोड शोधायची.

मे महिन्यात बाबांचं पत्र आलं. बाबांचं अक्षर मोठं आणि मजकूर मोजका. अमरावतीची माणसं येऊन गेली, समेट करू म्हणतात, तुझा भाऊ तयार आहे. मी वीस तारखेला येतो. परगावात बाईमाणूस एकटं राहतं हे माझ्या मनाला पटत नाही. तुला तिथे जिवाभावाचा शेजार असेल तर मी काही बोलणार नाही. नसेल तर सामान बांधायचं.

पत्र हातात घेऊन मी ओट्यावर आले. जेठीबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. माझे वडील येणार आहेत, आपल्या दोघींचं बरं जमतं असं त्यांना सांगाल का, एवढंच विचारायचं होतं. पण अकरा महिने ज्या बाईशी धड बोलले नाही तिला हे कोणत्या तोंडाने विचारायचं? मी पत्र घडी करून आत घेऊन गेले. अमरावतीचं ते घर, ती मोरी, ते उंबरठ्याशी काढून ठेवलेले दुसऱ्याच बाईच्या चपलांचे जोड डोळ्यांपुढे येत राहिले. त्या घरात परत जायचं म्हटलं तर मी मरेन, असं मला खरोखर वाटत होतं.

बाबा वीसऐवजी एकोणीसलाच आले. मी साडेपाचला कॉलनीच्या वळणावर आले आणि ओट्याखाली त्यांचे जोडे दिसले. माझ्या दाराला कुलूप होतं. बाबा जेठीबाईंच्या बाजेवर मांडी घालून बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. पुढ्यात तीच स्टीलची ताटली, त्यात पापडाचा चुरा, चहाचा रिकामा कप आणि अर्धी खाल्लेली गोड लोळी. सिंध्यांची ती जाड पोळी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बाबा काहीतरी सांगत होते आणि जेठीबाई तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. अकरा महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आता या बाईने सगळं सांगितलं असणार. ही मुलगी कोणाशी बोलत नाही, कोणाकडे जात नाही, दार लावून बसते. खोटं काय होतं त्यात?

"आली बेटी," जेठीबाई म्हणाल्या, अगदी रोजच्यासारख्या. आणि उठून चिमटा घ्यायला आत गेल्या. मी घाईघाईने बाबांना माझ्या खोलीत घेऊन गेले.

बाबांनी हातपाय धुतले, खोलीभर नजर फिरवली, फळीवरचे डबे पाहिले. मी भाकरी थापायला बसले. भाकरीचे काठ फाटत होते.

"बाई चांगली आहे," ते म्हणाले. "मले काळजी होती. आता नाई."

मी वळून पाहिलं.

"ते सांगत होती, तू रोज सांजच्याले तिच्याकडं बसतं म्हणे. एक पापड भाजते अन् दोघी अर्धा अर्धा खाता. तू आली नाई तं तिले करमत नाई म्हणे."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती दुमडूनच पडली. मी ती सरळ करत बसले. मग विचारलं, "तुम्हाला नुसता पापडच दिला होता का, बाबा? आल्या आल्या?"

"मंग काय देईन? उन्हातून आलो होतो ना मी." बाबांना प्रश्नच कळला नाही. "तुले माहीत नाई, तू झाली नव्हती तवा सात वर्षं मी खामगावात एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात गाठोडे बांधले. आपल्यात आल्या मानसाले गूळपानी देते, त्यायच्यात पापडपानी. यवढंच. आधी पापडाचा तुकडा तोडाचा, मंग पानी, मंग बाकीचं येते. पाव्हन्यानं तुकडा मोडला नाई तं बाकीचं कसं आनाव त्यायनं?"

"आणि पाणी प्यायलं आणि पापड तसाच ठेवला तर?"

बाबा हसले. "तसं करत असते का कोनी? त्याचा अर्थ होते, तुमच्या घरचं पानी चालते, खानं चालत नाई. शेठ सांगे, फाळनीनंतर सिंधी नवे नवे आले तवा लोकं असंच करत. पापड इकत घेऊन जात, पन बसून खात नसत. लय लागे त्याच्या मनाले."

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. त्या रात्री बाबा शांत झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "राह्य इथंच," म्हणाले. "अमरावतीवाल्यायले मी पाहून घेईन."

प्रयोगशाळेत त्या दिवशी मी कपाशीचे दाणे तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळे भरले. पाच वाजता निघाले ती जवळजवळ पळतच घरी आले आणि माझ्या खोलीकडे न वळता जेठीबाईंच्या दारात उभी राहिले.

आत बाजेवरची गादी गुंडाळलेली होती. दोन ट्रंका दोरीने बांधलेल्या. भांडी पोत्यात भरलेली. जेठीबाई भिंतीवरच्या खिळ्यांवरून तसबिरी काढून घेत होत्या.

त्यांचा मुलगा उल्हासनगरला होता. तो रविवारी टेम्पो घेऊन येणार होता. आईने एकटीने राहू नये असं त्याचं म्हणणं, आणि त्यांचे गुडघेही आता साथ देत नव्हते. हे सगळं त्यांनी मला तसबिरी पुसता पुसता सांगितलं. दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. माझी खोली माझ्याकडेच राहणार होती.

"मग बाबांना ते सगळं का सांगितलंत?" मी विचारलं. "मी रोज येते म्हणून? तुम्ही तर चाललात."

त्यांनी तसबीर फडक्यात गुंडाळली. "त्यांनी माझ्या घरी पापड खाल्ला," त्या म्हणाल्या. "मेहमान खाऊन उठला, त्याला रिकामं कसं पाठवायचं? ते दुसरं काय मागत नव्हते. मुलगी सुखी आहे, तेवढंच ऐकायचं होतं."

मी उंबरठ्यावरच बसले. पहिल्या दिवसाबद्दल बोलायला सुरुवात केली. आमच्याकडे नको म्हणायची रीत असते, दोनदा म्हणायची, तिसऱ्यांदा खायची, असं बरंच काही. त्या ऐकत राहिल्या.

"मी दोनदा नाय विचारत," त्या म्हणाल्या. "नवीन आलो तेव्हा विचारायची. हात जोडून विचारायची. मग सोडून दिलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुला विचारायला पाहिजे होतं."

शनिवारी संध्याकाळी मी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं. खोली झाडून काढली, सतरंजी अंथरली, माठ धुऊन ताजं पाणी भरलं. पापडपाणीच द्यायचं ठरवलं होतं. बाजारचा पापड कशाला, त्यांचाच त्यांना द्यावा म्हणजे मान ठेवल्यासारखं होईल, असं मला वाटलं. फळीवरचा डबा पुढे ओढला, चारातले दोन पापड काढले, स्टोव्हवर जपून भाजले. मला फार बरं वाटत होतं. आपण आता रीत शिकलो, असा थोडा तोराही होता.

जेठीबाई आल्या, सतरंजीवर बसल्या. मी ताटली पुढे सरकवली, शेजारी पेला ठेवला आणि म्हटलं, "खा."

त्यांनी पापड उचलला नाही. आधी ताटलीकडे पाहिलं, मग जरा वाकून पाहिलं. पापडाला खवट वास येत होता, तो तेव्हा माझ्याही नाकात शिरला. त्यांनी पापडाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे माझे," त्या म्हणाल्या. "दिवाळीत दिले ते."

मी स्टोव्ह बंद केला.

"या साली मी लाटलेच नाय. जायचं होतं म्हणून. माझ्याकडचे संपले." मग विचारलं, "चारही ठेवलेस?"

"चारही," मी म्हटलं.

लाज वाटणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. नवऱ्याचं घर सोडताना वाटली नव्हती ती लाज त्या क्षणी वाटली. सहा महिने माझ्या फळीवर मागे ढकललेले पापड मी मोठ्या हौसेने ज्यांचे त्यांनाच वाढले होते. एकही मोडला नव्हता, हे आता त्यांना मी न सांगताच कळलं होतं. ताटली उचलून घ्यावी म्हणून मी हात पुढे केला.

जेठीबाईंनी माझा हात बाजूला केला. पापड उचलला, मधोमध मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

"खवट झालाय," मी म्हटलं. "नको."

"खा," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. "खा, बेटी," त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या, आणि मग तिसऱ्यांदा, आवाज चढवून, "खा."

मी खाल्ला. मिरी जिभेला झोंबली, मागून जुनाट तेलाची चव आली. त्याही खात होत्या, सावकाश, एक एक तुकडा मोडून. दुसराही पापड आम्ही अर्धा अर्धा केला. मग त्यांनी उरलेले दोन भाजायला सांगितले. मी भाजले. तेही संपवले. त्या पाणी प्यायल्या, ताटलीतला चुरा बोटाने टिपून तोंडात टाकला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"आता तुझ्या बाबांना सांगितलं ते सगळंच खोटं नाय राहिलं," दारातून त्या म्हणाल्या. "रोज नाय. एक दिवस."

रविवारी सकाळी टेम्पो आला. त्यांच्या मुलाने सामान चढवलं. कॉलनीतली माणसं जमली होती, त्यामुळे आम्हाला वेगळं बोलता आलं नाही. जाताना त्यांनी लांबूनच मान हलवली, मीही हलवली. संध्याकाळी मी प्रथमच ओट्यावर बसून पाहिलं. भिंतीपलीकडे चिमटा वाजला नाही.

मी त्या खोलीत पुढे नऊ वर्षं राहिले. जेठीबाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी तीन वाजता, डबा बाजूला ठेवून प्रयोगशाळेतल्या त्या कागदापाशी जाऊन बसले आणि कोणी विचारायच्या आत माझ्या मिस्टरांबद्दल जे होतं ते सांगून टाकलं. कोणीतरी मिरची पुढे सरकवली. दुपारी तीनचा प्रश्न सुटला. संध्याकाळचा सुटला नाही.

बाबा परत कधी जळगावला आले नाहीत. सुट्टीला मीच खामगावला जायची. पण त्यांचं पत्र दर महिन्याला यायचं, आणि त्यात शेवटची ओळ ठरलेली असायची, जेठीबाईंना नमस्कार सांगणे.

मीही दर पत्रात लिहायची. सांगितला. त्या खुशाल आहेत. आम्ही संध्याकाळी बसतो.